एक्केचाळीस खुंट्या

१ फेब्रुवारी

धाकट्या,

चार महिने झाले, तुझी एक ओळ नाही. तू धडधाकट आहेस असं मी आपलं गृहीत धरलंय, कारण काही बरंवाईट झालं असतं तर तुझ्या मालकाने कळवलं असतं. लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, वर-खाली करतोस, मध्येच पोस्टाच्या पेटीसमोर दोन मिनिटं थांबायला काय होतं तुला?

काम आहे म्हणून लिहितेय, ते सरळच सांगते. वीस तारखेला इथे नगरपालिकेचं मतदान आहे आणि तुझं नाव अजून इथल्याच यादीत आहे. आपला वरचा वॉर्ड तुला माहीतच आहे. हॉटेल, हॉटेलच्या मागे आमच्या खोल्यांच्या तीन ओळी, संपला वॉर्ड. एक्केचाळीस मतदार. मागच्या तीनही वेळी शंभर टक्के मतदान झालं. त्याचं सर्टिफिकेट जेवणघरात चौकटीत लावलंय आणि मॅनेजर येणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवतो. मागच्या वेळी तुला पान्यासकट गाडी पाठवून आणवलं होतं, आठवतंय ना?

या वेळी गोष्ट जरा वेगळी आहे. नगराध्यक्षपदासाठी हॉटेलच्या मालकांच्या माणसासमोर शाळेच्या बाई उभ्या राहिल्यात. त्यांचं म्हणणं एकच, की हॉटेलच्या रोपवेचा दोर बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्या, तोवर पाळणे बंद ठेवा. खालच्या बाजारातले निम्मे दुकानदार त्यांच्या बाजूने आहेत म्हणे. वर आम्ही सगळे मालकांचे. निदान तोंडाने तरी.

मॅनेजर काल लाँड्रीत आला आणि म्हणाला, "मतदान झालं की प्रत्येकाने आपला हजेरीचा बिल्ला तुमच्या फळीवर लावायचा, नेहमीसारखा. एकही खुंटी रिकामी दिसता कामा नये. तुमचे बंधू येतायत ना?" मी हो म्हणून बसले. तो फार गोड बोलत होता रे, आणि तो गोड बोलायला लागला की मी सगळ्याला हो म्हणते. तुझा सतरा नंबरचा बिल्ला त्याने अजून खणात जपून ठेवलाय.

मत कुणाला द्यायचं ते मी कोण सांगणार? पण ये. चिमी तेरा वर्षांची झाली, मामाला विसरत चाललीय. रोज पाळण्यातून खाली शाळेला जाते आणि संध्याकाळी पाळण्यातूनच परत येते.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ताई,

चिमी रोज पाळण्यातून जाते हे तू असं लिहितेस, जशी ती पावसापाण्याची बातमी आहे.

दहा वर्षांपूर्वी, रोपवेवर मिस्त्री असताना, त्या दोराच्या अकरा तारा तुटलेल्या मी या बोटांनी मोजल्या होत्या. लेखी दिलं. चौकशी बसली. मॅनेजरने तुला विचारलं, "तुमच्या भावाने घरी कधी या दोराबद्दल काही सांगितलं होतं का?" महिनाभर रोज जेवताना मी दुसरं काही बोलत नव्हतो. आणि तू मान खाली घालून बसलीस, ब्र काढला नाहीस. मी खोटारडा ठरलो. पंधरा दिवसांत खोली खाली करून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन उतरलो. पाळण्यातून नाही, पायी.

तरी येतो. तू बोलावलंस म्हणून नाही, बाई उभ्या आहेत म्हणून. माझं मत बाईंना, आणि हे मी मॅनेजरच्या तोंडावर सांगायलाही तयार आहे. वीस तारखेला सकाळच्या बसने पोहोचतो. त्या चौकटीतल्या सर्टिफिकेटवर माझं एक मत तरी डाग पाडेल.

चिमीला रस्त्याने पाठव.

— धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र मी बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलंय. तो खालच्या गावात पेटीत टाकेल. आपल्या लहानपणी उतारावर सायकल सोडून पडलेला तोच हा, तुला आठवेल. माणूस विश्वासाचा आहे.

येऊ नकोस. पाया पडते तुझ्या, येऊ नकोस.

तुझं पत्र कुणीतरी आधी वाचलंय. आमचं सगळं टपाल रिसेप्शनवर येतं आणि तिथून कप्प्यांत पडतं. परवा तुझं पाकीट हातात घेतलं आणि कळलं. कडेला बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, ओल्या उशीच्या अभ्र्याला घाईने इस्त्री केली की पडतात तशा. वाफेवर धरून उघडलंय. वाफेत तेवीस वर्षं काढली मी, मला कळणार नाही? आणि परत चिकटवलंय ते गोंदाने नाही. जिभेला लावून पाहिलं. खळ आहे. आपल्याच लाँड्रीतली, टेबलक्लॉथला घालतो ती.

म्हणजे माझ्याच खोलीत, माझ्याच वाफेच्या टेबलावर हे चालतं. सकाळच्या पहिल्या पाळीला तिथे एकटी नवी असते. तीन वर्षं झाली तिला, तरी आम्ही तिला नवीच म्हणतो. कडेवर सहा महिन्यांचं मूल आहे. तिला विचारायची हिंमत होत नाही. काल मी चादरी मोजताना ती माझ्याकडे बघत होती. नुसती बघत असेल, पण मी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

तू उघड लिहिलंस, बाईंना मत देणार म्हणून. आता तू आलास की रस्त्यात काय होईल मला माहीत नाही. कदाचित काहीच होणार नाही. पण घाटातला तो वळणाचा रस्ता सारखा डोळ्यांसमोर येतो. मला भित्री म्हण, काय वाटेल ते म्हण. तू तिथेच राहा, लिफ्टखाली झोपून काम कर.

इथून पुढे मला जे लिहिशील ते ड्रायव्हरच्या घरच्या पत्त्यावर पाठव.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

येऊ नकोस म्हणून तुझा निरोप मिळाला. ठीक आहे, नाही येत. रजा रद्द केली. वीस तारखेला इथे कामावरच राहीन.

पण एक सांगतो आणि गप्प बसतो. तू बदलणार नाहीस. तेवीस वर्षं मालकांच्या चादरी पांढऱ्या करता करता तू स्वतःच पांढरी पडलीस. तुझं मत कुणाला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. मॅनेजरने नुसती भुवई उचलली तरी तुझा शिक्का आपोआप बरोबर जागी पडेल. बाईंच्या वाट्याला त्या वॉर्डातून एक मत गेलं तर ते कुणाचंही असेल, तुझं नसेल. अशी बहीण मिळाली म्हणून मालकांनीच देवाचे आभार मानावेत.

चिमीला आशीर्वाद.

— धाकटा


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र रिसेप्शनच्या कप्प्यातून मिळालं. मी काय लिहिलं होतं आणि तू काय केलंस? जाऊ दे. तू लिहिलंस ते वाचून मी अभ्र्यात तोंड खुपसून रडले, तेवढं फक्त तुला माहीत असू दे.

आता इथलं ऐक. मतदान बिलियर्डच्या खोलीत झालं. मतं द्यायचा आडोसा म्हणजे साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, माझ्याच लाँड्रीतून नेलेला. दारात मॅनेजर चहाचा ट्रे घेऊन उभा. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने कप देत होता आणि नावानिशी विचारत होता, "झालं ना व्यवस्थित?" लोक चहा सांडत होते.

दुपारी चारपर्यंत फळीवर चाळीस बिल्ले लागले. सतरा नंबरची खुंटी रिकामी. मी ती खुंटी बघत होते आणि मनात म्हणत होते, आता हा मला विचारेल, आता विचारेल. मग मी कोरडे कपडे आणायला गच्चीवर गेले. दहा मिनिटांत परत आले तर सतरा नंबरचा बिल्ला खुंटीवर. खोलीत कुणी नाही. बिल्ला अजून जरा हलत होता.

बावीसला निकाल आला. मालकांचा माणूस नगरपालिकेत निवडून आला, पण बाईंनी बाजारात चांगलीच टक्कर दिली. प्रत्येक केंद्राचा आकडा बोर्डावर लागतो. आपल्या केंद्राचा असा आहे: मतदार एक्केचाळीस, मतदान एक्केचाळीस. मालकांच्या माणसाला चाळीस. बाईंना एक.

तू तर आला नव्हतास. मग एक्केचाळीसावं मत कुणी दिलं? म्हणजे तुझ्या नावावर कुणीतरी आत जाऊन आलं. आणि ते त्यांचंच माणूस असणार, तेव्हा ते मत मालकांनाच पडलं असणार. बाईंचं ते एक मत आमच्यातल्याच कुणाचं तरी आहे, हे मॅनेजरला पक्कं ठाऊक आहे. त्या संध्याकाळपासून वॉर्डाच्या तोंडचं पाणी पळालंय.

काल बॉयलरची आमच्या खोल्यांकडे येणारी नळी बंद केली. या थंडीत अंघोळीला बर्फासारखं पाणी. मॅनेजर गोडच बोलतो, "दुरुस्ती आहे. ज्याला कारण माहीत असेल त्याने मला येऊन सांगावं, लगेच दुरुस्त होईल." पहिल्या ओळीतल्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या करायच्या असंही उठलंय, रंग काढायचा म्हणून. पहिल्या ओळीत नवी राहते, माळीकाका राहतात. आम्ही दुसऱ्या ओळीत. कुणी कुणाशी बोलत नाही. भांडी घासायच्या जागी पूर्वी किती कलकल असायची. आता नुसता भांड्यांचा आवाज येतो.

कुणाचं असेल ते मत, देव जाणे. तू मात्र तोंड उघडू नकोस.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र ड्रायव्हरकडे. आधीच्या पत्राबद्दल काय लिहू? तुझं पत्र वाचून डोकं भडकलं, त्याच तिरीमिरीत लिहिलं आणि समोरच्या पेटीत टाकलं. वाफ, खळ, पत्ता, काही डोक्यात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा पेटी उघडून नेली होती.

आणि आता तुझं पत्र वाचून दुसरी गोष्ट ध्यानात आली. वीस तारखेला मी येणार नाही, हे त्यांना मीच कळवलं. माझ्याच अक्षरात. म्हणून तर त्यांनी खुशाल माझ्या नावावर माणूस आत पाठवला.

पण यात एक धागा सापडलाय. वीस तारखेला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी एका इस्पितळाच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो. हजेरीपटावर माझी सही आहे, इस्पितळाच्या रजिस्टरमध्ये आहे. म्हणजे मी मत दिलं नाही याचा पुरावा माझ्याकडे आहे. जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत चौकशी केली. निकालापासून तीस दिवसांत तक्रार करता येते. खोटं मत सिद्ध झालं तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान घेतात.

अर्ज लिहून ठेवलाय. टाकत नाही. तक्रार माझ्या नावाने गेली की पहिली तुझी खोली जाईल, हे मलाही कळतं. तू हो म्हणालीस तरच.

तो एक मत देणारा कोण, याचं मला फार कुतूहल आहे. स्वयंपाकघरातला तो उंच आचारी असेल का? की माळीकाका? जो कोण असेल, त्याच्या पाया पडावंसं वाटतं. तू नाहीस हे माहीत आहे, पण तुला काही अंदाज असेल तर लिही.

— धाकटा


९ मार्च

धाकट्या,

चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज फाडायचं नाही असं ठरवून बसलेय. चिमी शेजारी गणितं करतेय.

माळीकाका गेले.

झालं असं की मॅनेजरने एकेकाला बोलवायला सुरुवात केली. माझी पाळी तिसरी. जीव मुठीत धरून गेले. त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि हसला. म्हणाला, "तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही कशा आहात ते तुमचे सख्खे भाऊच सांगतात. चादरी पांढऱ्या करता करता… काय ते, छान लिहितात हो." लपवलंही नाही त्याने. दोन मिनिटांत सुटले. धाकट्या, तू मला जे नाही नाही ते लिहिलंस, तेच माझ्या कामी आलं. तुझ्या शिव्यांनी मला वाचवलं.

मग सांगितलं गेलं की सोमवारपासून पहिली ओळ रिकामी. नवी तान्ह्याला घेऊन माझ्याकडे आली. दारातच रडायला लागली. म्हणाली, "ताई, पाकिटं मीच उघडायचे. मला उघडायला लावतात. वाफेने बोटं भाजतात, हे बघा. तुमच्या भावाचं पहिलं पत्र मी वाचलं तेव्हा, काही नाही त्यात, असंच सांगणार होते. पण मॅनेजर मागेच उभे होते." तिच्या बोटांची सालं निघाली होती. मी तिला आत घेतलं, बोटांना मलम लावलं. सोमवारी ती बाळाला घेऊन कुठे जाणार होती?

रविवारी सकाळी माळीकाका हातातली कात्री खाली ठेवून ऑफिसात गेले आणि म्हणाले, "ते मत माझं." झालं. दुपारी नळीला गरम पाणी आलं. पहिली ओळ राहिली. काकांना मात्र संध्याकाळच्या बसपर्यंतची मुदत.

मी त्यांचं सामान बांधायला गेले. एवढ्या वर्षांचं सामान एका पोत्यात मावलं. काका कुंडीतलं एक कलम ओल्या फडक्यात गुंडाळत होते, लेकीकडे न्यायला. मी म्हटलं, "काका, का सांगितलंत?" ते हळू आवाजात म्हणाले, "माझं नव्हतं गं ते. माझ्या मनात होतं. शिक्का बाईंच्या चिन्हापर्यंत नेलाही होता. मग दारातला चहाचा कप वाजला आणि हात आपोआप दुसरीकडे गेला. म्हातारपणी स्वतःची लाज वाटली. ज्याचं कुणाचं असेल त्याने माझ्यापेक्षा मोठं काम केलं. निदान शिक्षा तरी आपण घ्यावी म्हटलं."

आणि मी काय केलं माहीत आहे? मी पोत्याची सुतळी बांधत राहिले. दोन गाठी, तीन गाठी. दहा वर्षांपूर्वी तुझ्या चौकशीत बसले होते तशीच बसले.

ते मत माझं होतं, धाकट्या.

तू ज्याच्या पाया पडणार होतास ती मी. नको पडूस. मोठं शौर्य वगैरे काही नव्हतं. शिक्का हातात घेतला तेव्हा वरून पाळणा गेला आणि दोराचा कर्र आवाज झाला. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, चिमी खोलीत झोपली होती, मला ते माहीत होतं. तरी माझी मान वर गेली. दहा वर्षं रोज दोनदा माझी मान अशी वर जाते, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. कंटाळा आला रे मला त्या मान वर करण्याचा. शिक्का मारून बाहेर आले, मॅनेजरच्या हातून चहा घेतला, साखर छान झालीय असंही म्हणाले.

दोराच्या त्या अकरा तारांचं तू रोज जेवताना सांगायचास. मी सगळं ऐकत होते. एकेक शब्द आठवतो. चौकशीत बोलले नाही, कारण चिमी तीन वर्षांची होती, तिचे बाबा गेल्याला सहा महिने झाले होते आणि मला ती खोली हवी होती. हे कारण आहे. माफी मागायला ते पुरेसं नाही, हे मलाही कळतं.

तुझा तो अर्ज टाक. आजच टाक. माझी खोली जाईल तर जाऊ दे. माळीकाका माझ्या मताचं पोतं पाठीवर घेऊन गेले, आता मला त्या खोलीत झोप येत नाही.

भीती फार वाटतेय. अर्ज टाक.

ताई


१४ मार्च

ताई,

अर्ज टाकला. पोच सोबत जोडलीय, नीट ठेव. साहेबांनी हजेरीपट बघितला, इस्पितळात फोन लावला आणि म्हणाले, यात शंका घ्यायला जागाच नाही. फेरमतदान होईल. या वेळी कर्मचारी जिल्ह्यातून येतील आणि कुणी मत दिलं त्याची यादी पेटीत बंद करून परत नेतील.

तुझं पत्र मी लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून तीनदा वाचलं. बरोबरच्या मिस्त्रीने विचारलं, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही, सापडलं.

आता माझंही ऐक. दहा वर्षं मी तुला बोललो, पत्रातून बोललो, न लिहून बोललो. तू गप्प राहिलीस म्हणून. पण मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. उतरायच्या आदल्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. समोर कागद ठेवला. "दोराची पाहणी केली, दोर सुस्थितीत आहे." खाली माझं नाव. म्हणाला, सही केलीस तर अनुभवाचा दाखला देतो, नाहीतर कुठेही कामाला लागून दाखव. मी सही केली, ताई. तू नुसती गप्प होतीस. मी तर लिहून दिलं. तोच दाखला दाखवून मला इथे नोकरी मिळाली. आज ज्या लिफ्टमधून माणसं वर-खाली जातात, त्या मी त्या दाखल्यावर दुरुस्त करतो.

भित्री कोण ते आता तूच ठरव. अर्जाबरोबर मी त्या सहीचंही लिहून दिलंय. आता काय व्हायचं ते होवो.

फेरमतदानाला मी येतोय. या वेळी नको म्हणू नकोस. माळीकाकांच्या लेकीचा पत्ता ड्रायव्हरकडून घेतलाय. त्यांचंही नाव अजून यादीत आहे.

— धाकटा


७ एप्रिल

धाकट्या,

परवा तू आलास, माझ्या मागे रांगेत सात माणसं सोडून उभा राहिलास, आणि मला तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. चिमीने तुला ओळखलं. म्हणाली, "आई, मामा म्हातारा झाला." तू आणि माळीकाका एका बसमधून उतरलात तेव्हा अख्ख्या वॉर्डाचे डोळे खिडकीला लागले होते. काकांनी तेच जुनं जाकीट घातलं होतं. मी इस्त्री करून दिलेलं.

तुमची बस तीनची, म्हणून पुढचं तुला कळलं नाही. ते सांगते.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळीच मॅनेजर लाँड्रीत आला होता. "बिल्ले फळीवर. एक्केचाळीस." एवढंच बोलला. या वेळी गोडही बोलला नाही. मला कळलं की हीच खरी गोम आहे. जिल्ह्याचे लोक मॅनेजरला दाराशी उभं राहू देणार नाहीत, यादी बंद करून नेणार, मत गुप्त राहणार. पण कोण आलं आणि कोण नाही, ते माझी फळी सांगणार. माझ्या खुंट्या चुगली करणार.

भीतीने मला ओकारी आली. खोटं कशाला सांगू? मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले. मग त्याच संध्याकाळी सगळ्यांकडून बिल्ले गोळा केले, धुवायचे म्हणून, काकांनी मागे ठेवलेलाही. चाळीस. सतरा नंबर खणातून मॅनेजरने स्वतः आणून दिला होता. मतदानाच्या दिवशी उजाडताच सगळे पितळेच्या पॉलिशच्या टबात ओतले आणि वर झाकण ठेवलं. नवी बघत होती. तिने काही न विचारता झाकणावर ओल्या चादरींचं गाठोडं आणून ठेवलं.

दुपारी मॅनेजर आला. फळी कोरी. एक्केचाळीस रिकाम्या खुंट्या.

"बिल्ले कुठे आहेत?"

"पॉलिशला टाकलेत."

"आजच?"

"डाग पडले होते, साहेब. बावीस फेब्रुवारीपासून."

मी वाफेच्या टेबलाला टेकून उभी राहिले आणि कोपर भाजून घेतलं. त्याने टबाकडे बघितलं. पॉलिशच्या आम्लात हात घालायची त्याची तयारी नव्हती. निघून गेला.

संध्याकाळी आकडा लागला. मतदार एक्केचाळीस. मतदान सव्वीस. मालकांच्या माणसाला सतरा, बाईंना नऊ. नगरपालिका मालकांचीच राहिली. दोर तोच आहे. अजून काही बदललेलं नाही, म्हणून तू उगाच हुरळून जाऊ नकोस.

पण सव्वीस, धाकट्या. पंधरा माणसं घरात बसून राहिली. बाजारातला दुकानदार म्हणाला, अरेरे, वरच्या वॉर्डात लोकशाहीबद्दल किती उदासीनता. मला हसू आलं. त्याला काय माहीत? आमच्याकडे मत द्यायला सगळेच जातात. घरी बसायला छाती लागते. दारं लावून, चूल पेटवून, दिवसभर ती पंधरा माणसं आतच बसली होती, आणि कोण ते कुणाला कळलं नाही. मलाही नाही. मी विचारणारही नाही.

मला तीस एप्रिलपर्यंत खोली सोडायला सांगितलंय. लेखी आलंय, कारण "रंगकाम". चिमीची परीक्षा पंचवीसला संपते, मग आम्ही दोघी उतरू. महिनाभर ती रस्त्यानेच शाळेला जातेय, दीड तास लागतो, पाय दुखतात म्हणून कुरकुर करते. कुरकुर ऐकायला फार बरं वाटतं. तुझी खोली एवढीशी आहे हे मला माहीत आहे. आम्ही काही कायमच्या येत नाही, लाँड्र्या कुठेही असतात. तुझ्या दाखल्याचं कचेरीत काय झालं ते मात्र तू लिहिलं नाहीस. नोकरी राहिली का? खरं काय ते लिही. दोघेही घाबरटच आहोत, आता एकमेकांपासून लपवायचं काय?

भीती गेलेली नाही. अजून दारावर टकटक झाली की मी दचकते. पण या पत्राचं उत्तर ड्रायव्हरकडे पाठवू नकोस. त्या बिचाऱ्याला किती त्रास द्यायचा? सरळ हॉटेलच्या पत्त्यावर टाक, माझं नाव मोठ्या अक्षरात घालून. जे लिहायचं ते सगळं लिही. दोराचं लिही, तारांचं लिही, सहीचंही लिही.

आणि पाकीट चिकटवू नकोस. नवीची बोटं अजून बरी झालेली नाहीत.

तुझी,
ताई